साडीच्या एका वाराला किती गुंठे? बायकांच्या प्रश्नावर पहिलं पथनाट्य बसवताना

८ मार्च जवळ आला की बचत गटाच्या बैठकीत किंवा कॉलेजच्या एनएसएस शिबिरात कुणीतरी म्हणतं, "यंदा भाषण नको, नाटक करू." सगळ्यांना पटतं. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. विषय कुठला? लिहायचं कुणी? गंभीर प्रश्नावर लोकांना हसवलं तर चालेल का? परवानगी कुणाची घ्यायची?

माणदेशातला आमचा गट हे सगळं ठेचा खात शिकला. आम्ही नऊ जण, सात बायका आणि दोन पुरुष. नाट्यशिक्षण कुणाचंच नाही. तुमच्या वाटेवरच्या ठेचा कमी व्हाव्यात म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणासाठी आमचं एकच नाटक घेते, 'साडी आणि सही'. विषय हक्कसोडपत्राचा. आई-वडील गेले की भाऊ बहिणीकडे येतो, मान म्हणून साडी देतो, आणि जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही घेतो. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलं आहे की सही न करणारी बहीणच लोभी ठरते.

हाताशी काय हवं

- जाड वही आणि पेन. बायकांचं बोलणं टिपायला आणि प्रत्येक प्रयोगानंतर लिहायला.
- संहितेच्या सहा-सात प्रती. एक वकिलासाठी, एक पोलीस ठाण्यासाठी.
- हलगी किंवा ढोलकी, आणि टाळ.
- साडी, ताट, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला सातबारा. नावं आणि गट नंबर काल्पनिक घाला. गावात खऱ्या नंबरावरून भांडण लागायला वेळ लागत नाही.
- ग्रामपंचायतीचं संमतीपत्र, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच, कलाकारांची यादी आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स.
- मदतीचे फोन नंबर. ते कसे द्यायचे, हे सातव्या पायरीत सांगते.

१. आधी ऐका, मग विषय ठरवा

पहिल्या वर्षी आम्ही हुंडा, दारू, मारहाण, शिक्षण आणि गर्भलिंग तपासणी असं सगळं चाळीस मिनिटांत कोंबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर विचारलं, "काय आठवतंय?" एकीला फक्त हलगी आठवत होती.

एका नाटकात एकच प्रश्न धरा, आणि तोही गावातल्या बायकांच्या तोंडून येऊ द्या. त्यासाठी सभा बोलावू नका. सभेत बायका 'आमचं बरं चाललंय' एवढंच म्हणतात. खुरपणीच्या पातीवर, पापड लाटताना, दवाखान्याच्या बाकावर त्या मोकळ्या होतात. तिथे बसा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. 'संपत्तीतील समान अधिकार' असं आमच्याकडे कुणीच म्हणालं नाही. एक आजी म्हणाली, "सही केली तवा म्हायेर ऱ्हायलं." अख्खं नाटक आम्हाला त्या एका वाक्यात सापडलं.

इथला धोका मोठा आहे. एखादीची खरी हकिकत मंचावर आली की गाव अर्ध्या मिनिटात ओळखतं, आणि त्याचा त्रास तिला घरी होतो. तीन-चार जणींच्या गोष्टी एकत्र करा. गाव, नातं, मुलांची संख्या बदला. शंका असेल तर तिला आधी वाचून दाखवा, आणि ती 'नको' म्हणाली तर तो प्रसंग काढून टाका.

२. कायदा पक्का करून घ्या

रडवणारा प्रसंग चुकीच्या माहितीवर उभा असेल तर तो बाईला खड्ड्यात घालतो. आमच्या पहिल्या संहितेत 'मुलीला कायम निम्मा वाटा मिळतो' असं वाक्य होतं. वकीलबाईंनी ते लाल शाईने खोडलं. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

हक्कसोडीच्या नाटकासाठी एवढं पाठ हवंच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीने वाटेकरी, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने देशभर हा हक्क आला आणि लग्नाची आडकाठी गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी त्यामुळे उघडता येत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना वारशाचे वेगळे नियम लागू होतात, म्हणून मिश्र वस्तीत प्रयोग असेल तर हे सूत्रधाराच्या तोंडी घाला. आणि नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्रातून मागे फिरणं फार अवघड असतं, ही गोष्ट लोकांच्या कानावर पडलीच पाहिजे.

वकिलाला पैसे कुठून द्यायचे, ही काळजी नको. तालुका विधी सेवा समितीला पत्र द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. संहिता तपासून मिळाली की त्याच वकिलांना प्रयोगालाही बोलवा.

३. साचा आपल्या मातीतला घ्या

नवीन गट थेट संवादांना हात घालतो आणि अडकतो. आपल्याकडे तयार साचे आहेत. तमाशातले गण, गवळण, बतावणी आणि वग हे टप्पे पंचवीस मिनिटांत सहज बसतात: गणात हलगी वाजवून गर्दी जमवा, बतावणीत हसवा, वगात गोष्ट सांगा. भारूड आहे, वासुदेव आहे, जात्यावरची ओवी आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे असाल तर दंडार, कोकणात आणि गोव्यात असाल तर दशावतार लोकांच्या अंगात भिनलेला आहे. तेच घ्या. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन लोकांना विचार दिला होता. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गाण्यांच्या आणि थट्टेच्या जोरावरच गावोगाव पोचलं.

गवळणीतली मावशी आम्ही मुद्दाम उचलली. तमाशात ती भूमिका साडी नेसलेला पुरुष करतो आणि हसू त्याच्या चालण्या-मुरडण्यावर येतं. आमची मावशी साठीची खरी बाई आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशोब पक्का आहे, आणि हसू येतं ते तिच्या प्रश्नांवर.

४. हसू कुणावर पडतंय ते तपासा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, म्हणून इथे जरा थांबते.

बायकांच्या प्रश्नावर विनोद हवाच. प्रेक्षकांत भाऊ, नवरे, सासरे बसलेले असतात. त्यांना पहिल्या मिनिटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तर ते बिडी ओढायला निघून जातात. हसणारा माणूस थांबतो आणि हसता हसता स्वतःला ओळखतो. बायकांचं तर वेगळंच. जे बोलायची चोरी असते ते त्या हसण्यातून बोलून घेतात. भोंडल्याच्या गाण्यांत सासरची यथेच्छ खिल्ली आहे. नाथांच्या भारुडातली सून तर सासू-सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना घेऊन जा म्हणून भवानीला नवस बोलते. त्या रूपकाचा अर्थ अध्यात्माचा आहे, पण चारशे वर्षं बायका ते ऐकून पोट धरून हसत आल्या, ते ओळखीच्या जाचामुळे. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिताना पुरुषांच्या दुटप्पीपणाची जी सालटी काढली, तीही अशाच बोचऱ्या बोलीत.

पण हसू कुणावर? देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात लग्नाला उतावीळ झालेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथावर आपण हसतो, जुळवाजुळव करणाऱ्या भद्रेश्वरावर हसतो. शारदेवर एकदाही नाही. तिची वेळ येते तेव्हा गळा दाटतो. संहितेतल्या प्रत्येक विनोदापुढे पेन्सिलीने लिहा, हे हसू कुणावर आहे? सोसणाऱ्या बाईवर असेल तर कितीही टाळ्या येवोत, खोडा.

आमचा सगळ्यात चाललेला विनोद गणिताचा आहे. नाटकातली जमीन चार एकर, वारस दोघंच, म्हणजे बहिणीचे दोन एकर, ऐंशी गुंठे. हिशोब सोपा राहावा म्हणून वारस मुद्दाम दोनच ठेवले आहेत. भाऊ नऊवारी घेऊन येतो आणि मावशी मध्येच घुसते:

"किती वाराची रं साडी?"
"नऊ वार, मावशे. इरकल हाय."
"आन् आक्काचं गुंठं किती?"
"ऐंशी."
"म्हंजी एका वाराला नऊ गुंठ्याला जरा कमी. (प्रेक्षकांकडे वळून) बायांनो, एवढी म्हागाची साडी कुणी नेसलीय का?"

बायका हसतातच, आणि पुरुषही मनात भागाकार करताना दिसतात. भावाला आम्ही राक्षस केलेला नाही. तो साधा, कर्जात बुडालेला माणूस आहे. बहिणीच्या मुलाचं नाव त्याला आठवत नाही, गट नंबर मात्र तोंडपाठ आहे. एवढंच दाखवलं आणि ते पुरेसं झालं.

तीन सापळे सांगते, ज्यांत बहुतेक गट पडतात. पहिला, दारुडा. दारूवरच्या आमच्या जुन्या नाटकात आमच्या एका कलाकाराने दारुडा असा रंगवला की लोक लोळले. मधल्या रांगेतली एक बाई उठून निघून गेली. तिच्या घरी रोज काय चालतं हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव हसत होतं. दुसऱ्या दिवशी पोरं चौकात त्याच्या झोकांड्यांची नक्कल करत होती, म्हणजे नाटकातला हीरो तोच ठरला होता. ती भूमिका आम्ही त्या आठवड्यातच काढली. दुसरा सापळा, दुष्ट सासू. सासूला खलनायिका केलं की सगळे पुरुष निर्धास्त होतात, कारण भांडण बायका-बायकांचं ठरतं. तिसरा, रंगावर, जाडीवर, बांगड्या भरण्यावर किंवा 'बायकी'पणावर केलेले विनोद. ज्या खोडीविरुद्ध तुम्ही उभे आहात तिलाच ते खतपाणी घालतात.

५. गहिवर आणायचा तर आवाज खाली आणा

नवख्या गटाला वाटतं की रडवायचं म्हणजे किंचाळायचं. मारहाण दाखवायची, बाई जमिनीवर पडायची, मागे ढोलकी. असं करू नका. जिने ते भोगलंय तिला ते पुन्हा सोसावं लागतं, आणि लहान मुलं घाबरतात. वस्तूला बोलू द्या.

आमच्या नाटकात गणिताचं हसू ओसरायच्या आत आक्का ताटातली साडी उचलते. घडी उलगडते. कागद खाली पडतो. ती कागदाकडे बघत नाही. साडीवरून हात फिरवत म्हणते, "आयच्या साडीचाच रंग आनलास की रं." यानंतर हलगी बंद, सगळे स्तब्ध. मनात दहा आकडे मोजायचे. पहिल्या प्रयोगात आम्हाला ती शांतता सहन झाली नाही, तिसऱ्या आकड्यालाच संवाद सुरू केला. आता पूर्ण दहा मोजतो. त्या दहात पदर डोळ्याला लागतात. मग मावशी जात्याच्या चालीवर आम्हीच बांधलेली ओवी म्हणते:

पहिली माझी ओवी गं बापाच्या बांधाला,
राबले मी, नाव नाही सातबारा उताऱ्याला.

हसू आणि गहिवर यांच्यात अंतर ठेवू नका. हसून मोकळ्या झालेल्या छातीत दुःख लवकर उतरतं. मात्र गहिवरानंतर लगेच विनोद करू नका, केलेलं पुसून जातं.

शेवटाबद्दल एक. आधी आमची आक्का कागद टराटरा फाडायची. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मग एका गावात एक बाई शांतपणे म्हणाली, "फाडलं, पर दिवाळीला ती जानार कुठं?" माहेर तुटण्याची भीती आम्ही टाळ्यांखाली दडपली होती. तेव्हापासून पेन हातात धरून आक्का थांबते आणि सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो, "काय करावं हिनं?" ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी प्रेक्षकालाच नाटकात उतरवण्याची रीत जगभर नेली, त्याच जातीचं हे काम. कुणी म्हणतं, सही करू दे. कुणी म्हणतं, निम्मी जमीन भावाला कसायला दे पण सातबाऱ्यावर नाव राहू दे. कुणी सुचवेल ते आम्ही तिथल्या तिथे करून दाखवतो. कधी सुचवणाऱ्या बाईलाच आक्काच्या जागी उभी करतो.

६. तालीम आणि परवानग्या

तालमीची वेळ बायकांच्या कामावर ठरवा. आमची दुपारी दोन ते चार, समाजमंदिरात. लहान मुलं बरोबर येणारच, त्यांच्यासाठी चटई टाका. घरच्यांना एकदा तालीम दाखवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो. संवाद पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा, आपल्या बोलीत बोलू द्या, आणि जे चांगलं निघेल ते लिहून घ्या. उघड्यावर माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायला हवा, म्हणून निदान चार तालमी मैदानात घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात:

- गावात ग्रामपंचायतीचं, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाचं पत्र. शाळेत असेल तर मुख्याध्यापकांचं.
- पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी अर्ज: तारीख, वेळ, जागा, विषय, कलाकारांची संख्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.
- स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर चालत नाही.
- नाट्यगृहात किंवा राज्य नाट्य स्पर्धेत जायचं असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. यात वेळ जातो, आधीच पाठवा.
- निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर तारीख पुढे ढकला, आणि कुठल्याही पक्षाचा बॅनर मागे लावू देऊ नका.

दिवस निवडताना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा लक्षात ठेवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिच्या आधी प्रयोग लावला तर नाटकात निघालेला प्रश्न त्याच सभेत ठराव म्हणून मांडता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेतच केला होता आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं.

७. प्रयोग संपल्यावरची वीस मिनिटं

नाटक संपलं की सामान आवरायला पळू नका. दोघींनी सामान बघावं, बाकीच्यांनी प्रेक्षकांत जाऊन बसावं. बायका सगळ्यांसमोर हात वर करून विचारत नाहीत. त्या चपला शोधायच्या निमित्ताने जवळ येतात. म्हणून वकिलांना खुर्चीवर मंचावर बसवू नका, कडेला चटईवर बसवा.

एखादी रडायला लागली तर माईक बाजूला ठेवा, फोटो काढणाऱ्याला थांबवा, तिला आडोशाला न्या. तिची गोष्ट गर्दीत बोलू देऊ नका, आणि 'घर सोड', 'तक्रार कर' असले सल्ले देऊ नका. निर्णय तिचा असतो, परिणामही तिलाच भोगायचे असतात. तुम्ही फक्त पुढचा रस्ता दाखवा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. घरगुती हिंसाचाराचा त्रास असेल तर २००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. हे पत्ते प्रयोगाआधी स्वतः जाऊन बघून या. दार उघडं असतं का, कुणाला भेटायचं, एसटी किती वाजता आहे, इथपर्यंत.

नंबर देण्याचा सापळा आम्हाला एका प्रसंगातून कळला. आम्ही मोठी गुलाबी पत्रकं वाटली होती, वर ठळक अक्षरांत 'अत्याचार सहन करू नका'. एका घरात ते पत्रक नवऱ्याच्या हाती पडलं आणि त्या रात्री काय झालं ते आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं. तेव्हापासून पत्रकं बंद. आता एका छोट्या कागदावर एसटीचं वेळापत्रक, दवाखान्याची वेळ, गॅस सिलिंडर बुकिंगचा नंबर आणि त्याच रांगेत १८१ आणि १५१००. असा कागद कुणाच्याही भिंतीवर बिनधास्त राहतो.

८. त्याच रात्री वही भरा

घरी जायच्या आधी, टेम्पोतच, चार गोष्टी लिहा: कुठे हसले, कुठे उठून गेले, काय विचारलं, कोण परत भेटायला येणार आहे. शेवटच्या रकान्यातल्या माणसासाठी एकीचं नाव ठरवा आणि आठवड्याच्या आत तिने त्या गावी जाऊन यावं.

आमच्या वहीतल्या मागच्या महिन्याच्या पानावर लिहिलं आहे: 'वार-गुंठ्याला पुरुष जास्त हसले. साडीच्या रंगाला शांतता. एक पन्नाशीचे गृहस्थ शेवटपर्यंत थांबले, विचारलं, दहा वर्षांपूर्वी बहिणीची सही घेतली, आता तिचं नाव परत लावायचं तर बक्षीसपत्र करावं लागतं का? वकीलबाईंनी मंगळवारी बोलावलंय. बहिणीला घेऊन येणार म्हणाले.'